थोरले साडू आणि चढत जाणारी रेघ

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. त्यांचा संशय माणसांवर नसतो, हळूहळू वाढणाऱ्या गोष्टींवर असतो. एकदम बंद पडलेला पंखा त्यांना आवडतो. तो निदान प्रामाणिक असतो म्हणे. पण जळगावला आमच्याकडे आले की दाराआडच्या पिशव्यांचं बोचकं, माझं पोट, गल्लीतला गतिरोधक, सगळ्यांकडे ते सारख्याच गंभीरपणे बघतात. "हे एका दिवसात झालेलं नाही," असं पुटपुटतात आणि मग बूट काढतात.

हा स्वभाव नोकरीने दिला की स्वभावालाच नोकरी सापडली, हे मला अजून उमगलेलं नाही. धुळ्यात घरी बसून ते परदेशातल्या एका बँकेचा मेनफ्रेम सांभाळत. मेनफ्रेम म्हणजे बँकेचे सगळे व्यवहार एकटा ओढणारा अवाढव्य संगणक. त्यात पडद्यामागे काही कामं सतत चालू असतात. ती मेमरीत जागा घेतात आणि गरज संपली की परत देतात. एखादं काम थोडी थोडी जागा दाबून बसलं, की मेमरी भरत जाते आणि एक दिवस बँक ठप्प होते. हे सासूबाईंना समजावताना साडूंनी शिंदखेड्याच्या स्वयंपाकघरातली फळीच दाखवली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, या रीतीपायी तिथे साऱ्या गल्लीच्या वाट्या मुक्कामाला होत्या. "आक्का, हीच ती गळती," साडू म्हणाले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रिकामी वाटी कशी धाडू, जवाईबापू? काही रांधसू, मंग धाडसू." साडूंनी हात जोडले.

गेल्या वर्षी त्यांच्या मेनफ्रेमची मेमरी अशीच भरू लागली. वरिष्ठ म्हणाले, दर रविवारी यंत्र बंद करून चालू करा, मेमरी रिकामी होईल. नाहीतरी बँक नव्या यंत्रणेवर जाणार आणि हा मेनफ्रेम कायमचा बंद होणार. "म्हातारा जाणारच आहे म्हणून त्याची नाडीही बघायची नाही?" साडू माझ्यावरच चिडले. यंत्र बंद व्हायच्या आत चोर सापडलाच पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला. एकेक काम घ्यायचं आणि यंत्र सुरू झालं तेव्हाची त्याची जागा आजच्या जागेशी ताडायची. कालशी ताडायचं नाही, कारण काल आणि आज नेहमी सारखेच दिसतात. शिरपूरच्या एका लग्नात पंगतीला बसले असताना, हातातली बट्टी कुस्करता कुस्करता ते एकदम म्हणाले, "म्हणजे छपाईचं काम निर्दोष." वाढप्याला वाटलं, वरणात काही पडलंय.

चोर सापडला तेव्हा त्यांचा फोन आला. बाकीची सगळी कामं निर्दोष ठरली होती. उरला होता फक्त मेमरीवर पहारा ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम. दर तपासणीला तो थोडी जागा घ्यायचा आणि परत द्यायचा नाही. तो साडूंनीच लिहिला होता, मेमरी भरू लागायच्या जरा आधी सुधारलाही होता. आणि घरचाच म्हणून त्याला कधी तपासलं नव्हतं. मी हसलो. तेही हसले, पण जरा उशिराने.

वरिष्ठ म्हणाले, आता राहू द्या. साडूंनी तरीही रीतसर दुरुस्ती केली आणि पडद्यावरची मेमरीच्या वापराची रेघ बघत बसले. ती चढली नाही. ती तशी सपाट असतानाच मेनफ्रेम बंद झाला. आता ते नव्या यंत्रणेवर काम करतात. तिथे जागा कमी पडली की आपोआप वाढवून मिळते, का लागली हे कोणी विचारत नाही. साडूही हल्ली फारसं काही विचारत नाहीत, आणि मला ते बघवत नाही.

परवा ते आले तेव्हा आम्ही गच्चीवर निघालो होतो. मला आता जिन्यात दम खायला थांबावं लागतं. वरच्या पायरीवर ते माझी वाट बघत उभे होते. काहीतरी बोलावं म्हणून मीच विचारलं, "माझी धाप वाढलीय ना?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही हो," ते म्हणाले, "तुम्ही पहिल्यापासून असेच सावकाश चढता."

साडूंना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.