झऱ्याचे गुण

कामशेतच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथला झरा भर उन्हाळ्यातही आटत नसे. आमच्या विद्यापीठाने त्या भागातल्या झऱ्यांचा अभ्यास केला आणि जमिनीखालून पाणी कुठून येतं, त्याचा नकाशा छापला. विद्यापीठांच्या शाश्वत विकासाच्या क्रमवारीसाठी अशा संशोधनाचा प्रभाव मोजायचं काम माझ्याकडे होतं.

संशोधन कुणी वापरलं हे शोधताना कळलं, की एका रिसॉर्टवाल्याने तोच नकाशा पाहून वाडीच्या वरची जमीन घेतली आणि पोहण्याच्या तलावासाठी बोअर मारली. मी वाडीत गेले. झऱ्याच्या कुंडात नुसता पाचोळा होता. अभ्यासाच्या वेळी आम्हाला झरा दाखवणारी मावशी कळशी घेऊन खाली निघाली होती.

"पोरी, झरा दाखवा, पानी टिकंल, आसं तुमीच म्हनलात ना?"

"हो, मावशी."

"मंग आता त्यांच्या तलावात पवायला जाऊ व्हय आमी?"

परतल्यावर मी विभागप्रमुखांना म्हणाले, "सर, हे संशोधन यादीतून काढा. आपल्यामुळे झरा गेला."

"काढायचं कशाला? उद्योगाने वापर केला, त्याला गुण आहेत. झरा आटला म्हणून कुणी गुण कापत नाही."

मी भांडले, ओरडले. यादी तशीच गेली. क्रमवारीत आम्ही वर चढलो आणि विभागात पेढे वाटले गेले. पेढा पुढे करत सरांनी विचारलं, "शेजारच्या वाडीतही झरा आहे ना? पुढच्या वर्षी तो यादीत घेऊ."

"तिथे झरा नाही," मी धडधडीत खोटं बोलले.

सरांनी नकाशा उघडला. झरा त्यात होता. आम्हीच दाखवला होता.