देवाखालचा स्विच

कनेरगाव नाक्यावर मी गाड्यांचं वायरिंग करतो. माझं गाव तळकोकणात. आठवीतून शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, तो ट्रक इथे बंद पडला आणि मी इथलाच झालो. गुरुजींनी, म्हणजे इथल्या एका निवृत्त मास्तरांनी, एकही कागद न मागता घरामागची पत्र्याची खोली दिली. परक्या मुलखात आतून कडी लावता येणारी खोली मिळणं काय असतं, ते मलाच ठाऊक.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची पेट्रोलची अॅम्बॅसिडर आहे. मागे ढाब्यासमोरून कुणाची जीप चोरीला गेली, तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर. मला म्हणाले, काहीतरी कर, किल्ली मिळाली तरी चोराला गाडी नेता येऊ नये. उपाय सोपा होता. इंजिनाच्या कॉईलला जाणारी वायर मधे तोडायची आणि तिथे लपवून स्विच घालायचा. तो बंद असला की सेल्फ नुसता फिरतो, गाडी पकडत नाही.

पण त्या जुन्या वायरीवरच्या कातड्याचा हात लावताच भुगा व्हायचा. एकेका जोडाला कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली, तरी डोळ्यांपुढे जळती गाडी दिसायची.

स्विचची जागा गुरुजींनीच काढली. गाडीच्या आत काचेखालच्या फळीवर, लाकडी पाटावर पितळी विठ्ठल होता. त्या पाटाच्या कडेखाली. चोर सगळीकडे चाचपेल, पण देवाच्या पायाखाली हात घालणार नाही, असा त्यांचा हिशेब. काम झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुला अन् मलाच ठावं. घरात बी सांगायचं न्हाई."

तिथून माझी भीती बदलली. उद्या गाडी गेलीच, तर तो स्विच ठाऊक असलेला दुसरा माणूस मी. परगावचा, आगापिछा नसलेला. गुरुजी काही बोलणार नाहीत, पण नाक्यावरची माणसं बोलतील. रोज उठलो की आधी अंगणातल्या लिंबाखाली गाडी आहे ना ते बघायचो, मग तोंड धुवायचो. गाडीजवळून जाताना हात पाठीमागे धरायचो.

एका सकाळी गुरुजी आणि त्यांची बायको, काकू, स्विच बसवल्यापासून पहिल्यांदाच नरसीला देवदर्शनाला निघाले. तासाभरात फोन. चढावर गाडी बंद पडलीय, मागून ट्रक येऊन राहिले. मग हळूच, "स्विच म्या निघतानाच चालू केला होता, बराबर." म्हणजे माझा जोड गेला. मोटारसायकलवर पूर्ण रस्ता मी धूर शोधत होतो.

धूर नव्हता. गाडी कडेला लोटलेली, काकू दगडावर बसलेल्या, गुरुजी बॉनेट उघडून उभे. जोड पाहिले, सगळे थंड आणि घट्ट. मग आत बसून पाटाखाली बोट घातलं. खटका बंद होता. मी तो चालू केला, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली.

गुरुजींनी विचारलं काय होतं. काकूंसमोर काय सांगणार? वायर ढिली होती म्हणालो. चूक माझ्या अंगावर आली तरी चालेल, शब्द मोडायला नको. पण काकूंची नजर माझ्या बोटावर होती. ते हळदीकुंकवानं माखलेलं.

"देवाखाली काहून हात घातला रे?"

मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी चढावरच्या ट्रककडे. शेवटी त्यांनीच सांगितलं. आणि मग उलगडलं. नरसीचा फाटा आला की काकू चालत्या गाडीतच देवाला हळदीकुंकू लावतात, आणि पाट हलू नये म्हणून दुसऱ्या हाताची बोटं कडेखाली घालून तो दाबून धरतात. दर खेपेला. या खेपेला त्या बोटांखाली खटका आला.

काकू दगडावरून उठल्या. "चोर ऱ्हायला बाजूला, माह्यापासूनच लपवून ठेवलं व्हय," एवढंच म्हणाल्या. गुरुजींनी बॉनेट जरा जास्तच जोरात लावलं.

मी म्हणालो, स्विच दुसरीकडे हलवतो. तर त्या म्हणाल्या, राहू दे, आता मला ठावं झालं, बोटं वरून धरीन. गाडीत बसता बसता थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"आता गाडी गेली तर तुह्यासंगं मला बी धरतीन. भिऊ नको, लेकरा."

मी त्यांना माझ्या भीतीबद्दल कधीच काही बोललो नव्हतो. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज लिंबाखाली डोकावताना बघत असणार.

अजूनही उठलो की आधी गाडीच बघतो. पण हात आता पाठीमागे जात नाहीत.