पलीकडच्या काठावर उभा असलेला माणूस

भूतखेत सांगणाऱ्याले मी तोंडावर खोटारडा म्हणतो. आजही म्हणीन. चौथी शिकलो, पण डोळे अन् अक्कल शाबूत हाये. जे झालं तेवढंच लिहून राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इकडच्या प्रतापगडाच्या (साताऱ्याचा नाही) मागच्या डोंगरात, आमच्या नदीचा अन् रानाचा नकाशा काढाले सर्वेवाले आले होते. रान मले पाठ, म्हणून मले मजुरीवर घेतलं. साहेब वर टेकडीवर मशीनच्या दुर्बिणीतून पाहे. मी काच लावलेली काठी घेऊन तो सांगन तिथं उभा राहो. काचेवर नेम बसला की ती जागा नकाशात चढे.

एका सकाळी साहेब म्हणाला, "काका, आता नदीपलीकडं. त्या काळ्या खडकावर."

"हो" म्हटलं... पण गेलो नाही.

बारा वर्सांआधी माझा मोठा पोरगा शंकर पुरात वाहून गेला, तो त्याच खडकापाशी सापडला. लोकं दोर बांधून गेले, त्याले घेऊन आले. मी अलीकडंच उभा राहिलो. तवापासून ती नदी ओलांडली नाही. बायको म्हणे, "एकदा जाऊन या." मी तिच्यावरच खेकसो. मंग साहेबाले कसा सांगू, मले भेव वाटते म्हणून?

पाणी घोट्याएवढंच होतं. तरी मी अलीकडं बांबूच्या रांजीमागं, दाट बेटाच्या आड, काठी मांडीवर घेऊन बसलो.

वरून आवाज आला — "हां काका! बरोबर! हलू नका!" थोड्या वेळानं, "झालं! या परत!"

पलीकडं पाह्यलं. खडक रिकामा.

वर गेलो तर साहेब हसून राहिला. "काका, शर्ट काऊन काढला होता? नहा लिए क्या? पूरे ओले! मी आवाज देल्ला तर हात पण केला तुम्ही."

माझा शर्ट अंगात होता. कोरडा.

"मी गेलोच नाही, साहेब."

"मस्करी नका करू जी. हे पाहा रीडिंग."

दुसरा इंजिनिअर म्हणाला, काच नसली तरी कधीकधी खडकावरूनही रीडिंग येते. येत असंन. पण साहेबानं माणूस पाह्यला होता.

घरी बायकोले सांगतलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "साहेब त्याले काय म्हणाला?"

"या परत, म्हणाला."

"अन् तुमी?"

तो कोण होता, मले आजही समजलं नाही. मी मानतही नाही. पण परक्या माणसानं त्याले परत बोलावलं... अन् मी बाप, रांजीमागं चूप बसून होतो.