मधल्या चढावरचे रांजण

"हो, विचारलं मी. रांजण भरलेले आहेत." हे मी दोन मित्रांना सांगितलं आणि ते खोटं होतं. मी कोणालाच विचारलं नव्हतं.

मोताळ्याजवळच्या त्या डोंगरावर देवीचं ठाणं आहे आणि पायथ्याचं गाव माझी सासुरवाडी. चैत्रातली जत्रा झाली की गावातली घरं पाळीपाळीने मधल्या चढावरचे दोन रांजण भरतात, ते थेट पावसापर्यंत. पण विहीर आटली की पाळी थांबते. म्हणून उन्हाळ्यात वर जाण्याआधी गावात विचारायचं असतं. मला फक्त साळ्याला एक फोन करायचा होता. त्याच्याशी माझा अबोला होता. त्याच्या मुलीच्या लग्नात आहेराचा शेला मला, घरच्या जावयाला, सगळ्यांच्या शेवटी मिळाला होता. एवढंच कारण.

आम्ही तिघे निघालो. एक लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारी, दुसरा बी-बियाण्याचा दुकानदार आणि मी. पायथ्याशी गाडी लावली तेव्हा आचारी म्हणाला, "पान्याची कॅन घेऊ काय बे?"

"कायले वझं? जावई आहो मी या गावचा."

"जावईबापू म्हनते तं राहू दे," दुकानदार हसला.

वैशाखात त्या डोंगराला वाट अशी राहत नाही. सागाची पानं पोटरीपर्यंत साचतात आणि खाली सुटा मुरूम असतो. चढताना निभतं, उतरताना पाय कुठे जाईल सांगता येत नाही. सावली कुठेच नव्हती. बाटल्या अर्ध्या वाटेतच संपल्या. रांजणांशी पोचलो तर एक पालथा पडलेला, दुसऱ्यात वाळकी पानं.

"तुह्या साळ्यानं सुट्टी मारली वाटते," आचारी म्हणाला. मी हसलो. तेव्हाही खरं बोललो नाही.

आम्ही मागे फिरलो. थोड्याच वेळात दुकानदाराला भोवळ आली. त्याला एका खडकाच्या आडोशाला बसवलं. "तू याच्यापाशी थांब, मी कॅन घेऊन येतो," म्हणत आचारी जवळजवळ पळतच उतरायला लागला. पहिल्याच वळणावर पानांवरून त्याचा पाय सटकला. तो बराच खाली गेला. त्याची हाक ऐकून गावातली माणसं धावून आली. त्यांनी दोघांना पाणी पाजलं, आम्हाला आचाऱ्यापाशी उतरवलं आणि त्याला बाजेवर घालून खाली नेलं. बाजेचा पुढचा खूर साळ्याच्या खांद्यावर होता. माझ्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "जवाई, एक फोन तं करा लागत होता."

खामगावला आचाऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, मग आणखी एक. तरी कढईपुढे उभं राहणं काही जमलं नाही. एका लग्नसराईत तो खुर्चीवर बसून माणसांकडून काम करून घेत होता. पुढच्या सराईत बोलावणी आली नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "म्याच घाई केली." मी शेजारी बसून ते ऐकायचो आणि चहा प्यायचो.

या मे महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा गल्लीच्या टोकाला मांडव पडला होता. तो दारात बसून होता, काठी भिंतीला टेकवलेली. वाऱ्यावर तिकडच्या स्वयंपाकाचा वास आला तसं तो म्हणाला, "वरन बुडाले लागलं त्याइचं. आता कोनाले समजनार नाई, वाढाले घेतल्यावर समजन." मग नेहमीचंच, "म्याच घाई केली बे त्या दिवशी."

त्याने माठातलं पाणी मागवून माझ्यापुढे ठेवलं होतं. ते मला पिता येईना.

"घाई तुही नव्हती," मी म्हणालो. "म्या गावात कोनालेच विचारलं नव्हतं. साळ्याशी बोलाचं नव्हतं, म्हनून तुमच्याशी खोटं बोललो."

तो मांडवाकडेच पाहत राहिला. "कॅन घेऊ काय म्हनून म्या विचारलं होतं तुले," तो सावकाश म्हणाला.

"हाव."

"आन् तू नाई म्हनला."

"हाव. माह्यामुळं तुहा पाय गेला, तुहं काम गेलं. याच्यातलं काईच मले परत देता येत नाई. मले माफ कर."