अंगणप्रमुख

आमच्या शाळेच्या अंगणाला चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्याच वर्गातल्या एका मुलाचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा मला आधी हसू फुटलं. तो मागच्या हिवाळ्यात अचानक गेला, त्याचं दुःख होतंच. पण ज्या अंगणात त्यानं अख्खी आठवी अंगठे धरून काढली, त्याच अंगणाला त्याचं नाव! लेकाने जागा तेव्हाच धरून ठेवली होती.

त्याला बाहेर घालवायची सुरुवात माझ्यापासून व्हायची. मी वर्गप्रमुख. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं, आणि ते मी इतक्या इमानदारीनं करायचे की त्याचं नाव तो वर्गात येण्याआधीच लिहून मोकळी व्हायचे. गणिताचे सर आले की फळा बघायचे आणि दाराकडे बोट दाखवायचे. तोही आज्ञाधारकपणे निघायचा.

तर अंगणात लावायच्या पाटीचा मजकूर दाखवायला मी त्याच्या आईकडे गेले. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि तोंड पाडलं.

"काहून वं, त्याचं पद नाही लिहिलं?"

"कोणतं पद, काकू?"

"अंगणप्रमुख! सरांनी त्यालेच तर नेमलं होतं. मी गांधीबागेत जाता-येता फाटकातून पाहत होती ना. पोरगं भर उन्हात ड्यूटीवर! वाकून वाकून कचरा वेचत होता बिचारा."

कप्पाळ माझं! चाळीस वर्षं ही बाई या पदाच्या अभिमानावर जगत होती. पोरगा गेल्यावर तेवढंच तर तिच्या हाती उरलं होतं. मी पद लिहून घेतलं.

मुख्याध्यापक तरुण होते. "मॅडम, असं पद आमच्या रेकॉर्डमध्ये नाही."

"तेव्हा होतं," मी म्हटलं. "तुम्ही जन्मले नव्हते."

वर्गाच्या ग्रुपवर मी सज्जड दम भरला, की कार्यक्रमात जो हसेल त्याची गाठ माझ्याशी आहे. राहता राहिले गणिताचे सर. वय ऐंशीच्या पुढे आणि खरं बोलायचा जुना आजार. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला आले, तर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण खडूस आहे." त्यांनी माइकवर तोंड उघडलं की काकूंचा अंगणप्रमुख संपलाच. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले.

"सर, एवढं एकदाच खोटं बोला."

"मी खोटं बोलत नाही."

"मग काहीच बोलू नका!"

"प्रमुख पाहुणा मी आहे. तू नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी पाटीवरचा पडदाच सरकेना. मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणारा आमचा वर्गमित्र दोरीशी झटत बसला. शेवटी काकूंनीच उठून असा हिसका दिला, की पडदा, दांडी आणि हार असं सगळं एकदम खाली आलं. पाटीवर सोनेरी अक्षरांत 'अंगणप्रमुख' झळकलं. मागून कोणीतरी हसू दाबायला खोकलं. मी वळून नुसतं पाहिलं, खोकला बरा झाला.

सर माइकपाशी गेले. त्यांनी एकदा अंगणाकडे पाहिलं.

"त्याले मीच नेमलं होतं," सर म्हणाले. "जवळपास रोज. ऊन म्हटलं नाही, थंडी म्हटली नाही, पोरगं जागचं हललं नाही. एकदा तर मी त्याले आत बोलवायचंच विसरलो. शाळा सुटली तरी हा आपला उभाच." ते काकूंकडे वळले. "माझं चुकलं. असा अंगणप्रमुख पुन्हा नाही झाला या शाळेत."

कोणीच हसलं नाही. काकू मात्र ताठ बसून टाळ्या वाजवत होत्या.

मग तर्रीपोहे आले. मी माझी प्लेट घेऊन काकूंच्या शेजारी टेकले, सुटले बाई एकदाची म्हणत. त्यांनी माझा हात धरला.

"एक विचारू? तुले त्याचा राग तर नाही ना?"

"मला कशाचा राग, काकू?"

"तो रोज घरी येऊन सांगे, की सरांना म्हटलं, तिलेही घ्या माझ्यासंग अंगणात, ती वर्गात एकटीच बसून राहते. पण सर ऐकतच नाही म्हणे. लय जीव तुटे त्याचा. तुले वाईट वाटलं असंल ना वं?"

वर्गात पन्नास पोरं होती, आणि मी खरंच एकटी बसायचे. फळ्यावर नावं लिहिणारीच्या बाकावर कोण बसणार? हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि आलं कोणाच्या, तर ज्याला मी रोज बाहेर काढत होते त्याच्या.

"हो काकू," मी म्हटलं, "लय वाईट वाटलं." आणि सगळ्या वर्गासमोर, हातात पोह्याची प्लेट धरून, मी हमसून हमसून रडले.