निळी पेटी आणि फाटक्या खोळीची बाटली

बाबा भद्रावतीत सायकलवर भंगार गोळा करायचे आणि आई अंगणात पितळ, लोखंड, पत्रा वेगळं करायची. पावसाळ्यात फेरी बंद पडली की कण्यांचा भात आणि मिरची. मी बारावी झाले तेव्हा चंद्रपूरच्या कॉलेजची फी कुठून आणायची, हा एकच विषय घरात होता.

त्या उन्हाळ्यात वारलेल्या एका फौजीचं घर रिकामं झालं. बाबांना तिथून लष्करी लाकडी पेटी आणि पाण्याची बाटली मिळाली. चकाचक केली की वस्तूचा भाव चढतो, हा आमच्या धंद्याचा हिशेब. एप्रिलातल्या जयंतीला दार रंगवून उरलेला निळा रंग होताच. बाबांनी पेटी अशी रंगवली, की शेजारी बघायला आले. बाटलीची कसर लागलेली खाकी खोळ फेकून बाटली राखेनं घास, असं त्यांनी आईला सांगितलं.

खोळीवर शाईनं काही लिहिलेलं होतं. आईला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, मी फौजीचं नाव वाचून दाखवलं. मग तिनं राख खालीच ठेवली.

"अवो, माणूस गेला. नाव तरी राहू द्या त्याचं. मले फेकाले मन नाई होत."

पोरीचं शिक्षण बुडवशील, म्हणून बाबा दिवसभर धुसफुसत राहिले.

मी मोबाइलवर फोटो टाकले, तसे जुन्या लष्करी वस्तू जमवणारे नागपूरचे एक संग्राहक आले. त्यांनी पेटीचा कोपरा नखानं खरवडला. खाली हिरवा रंग आणि पुसट आकडे दिसले. ते हळहळले. मूळ रंगात असती तर मोठी किंमत दिली असती म्हणाले.

"नवीकोरी करून देऊन राह्यलो ना, भाऊ," बाबा म्हणाले.

बाटली मात्र संग्राहकांनी दोन्ही हातांनी उचलली. खोळ, बूच, साखळी सगळं मूळचं होतं, आणि नावामुळे ती कोणाची हेही कळत होतं. फाटलेलं शिवून देऊ का, मी विचारलं.

"एक टाकासुद्धा घालू नका," ते म्हणाले.

पैसे मोजून, बाटली घेऊन ते गेल्यावर बाबा आईकडे बघत राहिले. "आता घरचे भांडे बी घासू नको वो," म्हणाले, आणि हसले.

निळी पेटी कोणी घेतली नाही. माझी पुस्तकं तिच्यात राहिली. बाटलीच्या पैशात पहिल्या वर्षाची फी भरली. आज मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर.