मल्हारीचा पुकारा

कोर्टात न्यायाधीश निकाल देतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यांच्या हातून ते कामकाज पुढं सरकतं, ती आम्ही माणसं कुणाच्या खिजगणतीत नसतो. रोजनामा लिहिणारा कारकून वेगळा, समन्स घेऊन उन्हातान्हात फिरणारा बेलिफ वेगळा, आणि मी वरच्या मजल्यावर निकालाच्या नकला देणारी. कागदाला हात न लावता काम करणारा एकच, दाराशी उभा राहून पक्षकारांची नावं पुकारणारा शिपाई. आमच्याकडं तो मल्हारी शिंगाडे.

मल्हारीचं बालपण वेरूळच्या डोंगरात मेंढरांमागं गेलं. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या भावाला हाक मारायची सवय, त्यामुळं त्याचा पुकारा माझ्या टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू यायचा. नाव तीनदा पुकारायचं असतं, पण बाहेर चहा पीत बसलेला पक्षकार मल्हारीच्या पहिल्याच पुकाऱ्याला कप टाकून पळत यायचा. त्याला याचा भारी गर्व. दुसरा गर्व घराण्याचा. नवऱ्याशी खटला चालू असलेली एखादी बाई जिन्यात रडताना दिसली, की जेवणाच्या सुट्टीत म्हणायचा, आमच्यात असलं नाय, आमची भांडणं भावकीत मिटतात. मी एकदा त्याला चांगलंच फटकारलं होतं, पण ऐकेल तो मल्हारी कसला.

आणि मग त्याच्याच थोरल्या भावाची, अंगदची मुलगी सत्यशीला कोर्टाची पायरी चढली. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं आणि चार वर्षांची मुलगी हर्सूलला स्वतःकडं ठेवून घेतली होती. सत्यशीलेला पोरीचा ताबा हवा होता, बाकी काही नको. भावकीच्या बैठकीत तिलाच नमतं घ्यायला सांगितलं, म्हणून तिनं वकील गाठला. अर्जात नाव माहेरचं लावलं. ती कोण हे मल्हारीनं ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही, आणि तिलाही बजावलं की इथं मला काका म्हणू नकोस.

तारखेच्या दिवशी त्यांच्या भावकीतले वडीलधारे पुंजाराम नेमके शेजारच्या कोर्टात जमिनीच्या कामाला आले होते आणि व्हरांड्यात बसले होते. सत्यशीला जिन्याखाली बसली होती. पुकारा झाला की फोन कर, असं सांगून तिचा वकील दुसऱ्या कोर्टात गेलेला. मल्हारी दाराबाहेर आला, पुंजारामांकडं त्याची नजर गेली आणि शिंगाडे हे आडनाव त्याच्या घशातच अडकलं. पुकारलं त्यानं तीनदा, पण तोंडातल्या तोंडात. आत जाऊन सांगितलं, कुणी हजर नाही. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज निकाली निघाला.

मला हे कळलं ते सत्यशीला नकलेसाठी माझ्या खिडकीशी आली तेव्हा. "मी तिथंच व्हते ओ बाई," ती म्हणाली, "माझं नाव कुणी घेतलंच नाय." मी आडनाव वाचलं, गाव विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. तरातरा खाली गेले. मल्हारीनं आधी उडवाउडवी केली, मग खाली बघत म्हणाला, "मेघाताई, भावकीसमोर माझंच आडनाव कसं पुकारू?" मी त्याला म्हटलं की घराण्याची अब्रू राखायला तू तिचं लेकरू पणाला लावलंस. एवढं बोलूनही माझा राग गेला नाही.

अर्ज पुन्हा फायलीवर घ्यावा म्हणून तिच्या वकिलानं विनंती केली. नवऱ्याच्या वकिलानं रोजनामा दाखवला, त्यात पुकारा झाल्याची नोंद होती. साहेबांनी मल्हारीला विचारलं, पुकारा केला होता का. नुसतं हो म्हणाला असता तर सुटला असता. पण भरल्या कोर्टात तो म्हणाला, "केला साहेब, पण हळू केला. पुतणी हाय माझी. मला तिची लाज वाटली." अर्ज फायलीवर परत आला, मल्हारीला मेमो मिळाला. तेव्हापासून तो जेवायला आमच्यात येईना. डबा घेऊन मागच्या भिंतीशी एकटाच बसायचा, आणि कुणी हाक मारली तरी मान वर करायचा नाही.

या सगळ्यात महिने गेले. पुढच्या तारखेला सकाळी तो सत्यशीलेजवळ गेला आणि चुकलं म्हणाला. ती भांडली नाही, रडली नाही. "काका," ती व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोरगी आता आत्याला आई म्हणती."

थोड्या वेळानं तिचं प्रकरण आलं. मी एक फाईल द्यायला खाली आले होते. मल्हारी दारात आला. सत्यशीला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. जमिनीच्या तारखेला आलेले पुंजारामही व्हरांड्यात होते. त्यानं पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, अख्ख्या आवारात ऐकू जाईल असं. ती हलली नाही. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं, आवाज फाटला. ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिसऱ्यांदा त्यानं पुकारलं, तेव्हा ती आत गेली.